खिडकीभोवतीची महिरप : वाशापासून थर्माकोलपर्यंत

घराचा बाहेरचा गिलावा संपत आला की ठेकेदार घरमालकापुढे कॅटलॉग ठेवतो. खिडक्यांभोवती काय लावायचं? ग्रॅनाइटची पट्टी आहे, जीआरसीचं मोल्डिंग आहे, एचपीएलचे म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लॅमिनेटचे तक्ते आहेत, लाकडासारखं दिसणारं डब्ल्यूपीसी आहे आणि थर्माकोलवर सिमेंटचा लेप दिलेली तयार महिरपही आहे. रनिंग फुटाचा दर, रंग आणि शेजारच्या बंगल्याला काय लावलंय, एवढ्यावर निर्णय होतो. मला तो इतका सोपा वाटत नाही. भिंतीतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे खिडकीची कड. भिंत तिथे तुटते, दोन वेगळे पदार्थ तिथे एकमेकांना भिडतात आणि पावसाचं पाणी फट शोधत नेमकं तिथेच येतं. त्या कडेला आपल्या आधीच्या माणसांनी काय काय लावलं, का लावलं आणि त्यातलं काय टिकलं, हे पाहून घेतलं तर कॅटलॉगची पानं वेगळ्या नजरेनं उलटता येतात.

आपल्याकडे हा माग भाज्याच्या लेण्यापर्यंत नेता येतो. मळवली स्टेशनजवळच्या डोंगरातलं तिथलं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी भलीमोठी कमान आहे आणि बाजूच्या कातळात त्याच आकाराच्या लहान लहान खोट्या खिडक्या कोरल्या आहेत. मोठ्या कमानीत एके काळी लाकडी काम होतं. ते गेलं, पण लाकूड अडकवण्यासाठी कातळात पाडलेल्या खोबणी राहिल्या. हा आकार मुळात दगडाचा नाहीच. बिहारमध्ये बराबरच्या टेकड्यांत लोमश ऋषी नावाची मौर्यकाळातली गुहा आहे. तिच्या दारावर वाकवलेल्या लाकडाची कमान आणि तिला आधार देणाऱ्या तुळयांची टोकं ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात हुबेहूब कोरली आहेत. डोंगर पोखरून केलेल्या खोलीला तुळया लागत नाहीत. तरी कोरणाऱ्यांनी त्या कोरल्या, कारण त्यांच्या डोळ्यांपुढचं घर लाकडाचं, बांबूचं आणि गवती छपराचं होतं.

कार्ल्याला तर छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या चैत्यगृहाचं छत अखंड कातळ आहे. फासळ्या कसलाही भार उचलत नाहीत, आणि तरीही दोन हजार वर्षं जागेवर आहेत. अजिंठ्यात पाचव्या शतकातल्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत खरं लाकूड गेलं. फासळ्याही दगडातच कोरल्या गेल्या आणि दर्शनी खिडकीची कमान अधिक सजली. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत ती आक्रसून तीन पाकळ्यांची लहान खिडकी झाली. आतलं छत मात्र इतकं लाकडी वाटतं की लोक त्या लेण्याला सुतार झोपडी म्हणू लागले. पाथरवटांनी केलेल्या कामाला सुताराचं नाव मिळालं. पुढे मंदिरांच्या शिखरांवर हीच कमान ओळीनं कोरली जाऊ लागली. तिच्यामागे ना खिडकी, ना हवा, ना उजेड.

रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ग्रीक देवळांबद्दल हेच लिहून ठेवलं आहे: दगडी पट्टीवरची नक्षी ही मुळात लाकडी तुळयांची टोकं. नवा पदार्थ हाती आला की कारागीर आधी त्याला जुन्या पदार्थाचं रूप देतो. ही उसनवारी मानवी स्वभावातली आहे, तिला खोटेपणा म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. उसन्या रूपाबरोबर त्या रूपाचं कामही आलं की नाही, हे पाहायला हवं.

पेशवाईतल्या वाड्यांत ही उसनवारी उलटी फिरली. सतराव्या शतकात, शाहजहानच्या काळात, संगमरवरात आणि तांबड्या दगडात पाकळ्यांच्या कमानी घडल्या आणि तिथून त्या मराठी वाड्यांत आल्या. पण पुण्यात, वाईत, नाशकात त्या घडवल्या सुतारांनी. १८०७ च्या सुमारास बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या समोर उभं राहून पहिल्या मजल्याकडे पाहावं. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, केळफुलांची आणि पानांची नक्षी, आणि खांबांच्या मधे सागवानी महिरपी. दगडी कमान वरचा भार अंगावर घेऊन दोन्ही बाजूंना उतरवते. लाकडी महिरप मात्र खांब आणि तुळई यांच्यामधल्या कोपऱ्यात बसवलेली कोरीव फळी असते. भार तुळईवरून खांबावर जातो. महिरप काढली तरी वरचा मजला हलणार नाही.

म्हणजे दगडाची नक्कल लाकडात, तीही पातळ. मग ती दोनशे वर्षं टिकली कशी? उत्तर महिरपीत नाही, तिच्या वर आहे. वाड्याच्या छपराच्या वळचणीला पागोळ्या भिंतीपासून दूर गळतात. नक्षीला पाऊस जवळजवळ लागतच नाही. शिवाय साग स्वतः तेलकट, किडीला सहसा दाद न देणारा, आणि वर तेलाचा हात अधूनमधून फिरायचा. तळमजल्यावर पाऊस, धूळ आणि चोर यांची भीती होती, तिथे सुतारांनी नक्षी आवरती घेतली: लहान खिडक्या, जाड चौकटी, उभे गज. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना वीतभर लांब काढून भिंतीत दाबून बसवत, त्यामुळे चौकट आणि भिंत वेगळी होत नसे. लाकडाला खरं भय आगीचं. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याच्याही काही भागाला आगीची झळ लागली. पानशेतच्या १९६१ च्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले, ते लाकडामुळे नव्हे, पाण्यात विरघळलेल्या मातीच्या भिंतींमुळे.

लाकूड जिथे उघड्यावर पडतं आणि दगड जिथे कोरता येत नाही, तिथे कामाला आला चुना. गोवा आणि दक्षिण कोकण हे त्याचं घर. इथला दगड म्हणजे जांभा, खाणीतून चिरा काढला की मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. पण त्याचं अंग भोकाभोकांचं, त्यावर बारीक नक्षी धरत नाही, आणि तो पाणी पितो. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तेव्हा भिंतीला चुन्याचा गिलावा हवाच, आणि खिडकीच्या कडेला तो जाड हवा. त्या जाड कडेलाच आकार दिला गेला. पणजीच्या फोंतेन्यासमधून फिरताना पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींवर खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या उठून दिसतात. त्या नुसत्या रंगाच्या नाहीत. बऱ्याच घरांत त्या भिंतीच्या पुढे आलेल्या असतात, वर कंगोरा असतो आणि त्या कंगोऱ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार असतो. आत झडपांच्या लाकडी चौकोनांत शिंपल्याच्या अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या. काच महाग होती त्या काळात त्यांतून मऊ उजेड आत यायचा.

हा कंगोरा काढणारा गवंडी काम करताना पाहण्यासारखा असतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत अजून अशी माणसं भेटतात. चुना आधी भिजवून मुरवलेला. पूर्वी तो घाण्यात मळत: गोल चर, त्यात बैलानं ओढलेलं दगडी चाक, आणि चुन्यात वाळूबरोबर गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे तागाचे तंतू. भिंतीवर आधी एक सरळ लाकडी पट्टी ठोकतात. मग हव्या त्या कंगोऱ्याचा उलटा आकार कापलेला पत्र्याचा साचा लाकडी ठोकळ्यावर बसवून त्या पट्टीवरून ओढतात. पहिला थर जाड वाळूचा. साचा ओढला की नुसती खरबरीत वळी उमटते. ती आवळू लागली की दुसरा थर, पुन्हा साचा. शेवटी चाळलेल्या चुन्याचा पातळ हात आणि एका दमात, न थांबता ओढलेला साचा. तेव्हा कड सुरीसारखी निघते. जिथे दोन पट्ट्या काटकोनात भेटतात तिथे साचा पोचत नाही. तो कोपरा लहान थापीनं हातानंच भरावा लागतो, आणि गवंड्याचा कस तिथे लागतो. हे सगळं सुकायला आणि हवेतला वायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखं घट्ट व्हायला महिने जातात.

चुन्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो भिंतीत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. आज अशाच जुन्या महिरपी सिमेंटनं ‘मजबूत’ केल्या जातात. सिमेंट ओल अडवतं, ती मागे जांभ्यात किंवा दगडात साचते, तिच्याबरोबर आलेले क्षार तिथेच स्फटिक धरतात आणि दोन-चार पावसाळ्यांत मूळ दगडाचाच पापुद्रा सुटून येतो. ज्यांच्याकडे चुन्याच्या कामाचं जुनं घर आहे त्यांनी दुरुस्तीला सिमेंट लावू देऊ नये.

मुंबईत इंग्रजांनी विलायतेतली गॉथिक खिडकी आणली. तिच्या कमानीवर दगडाची आणखी एक पट्टी बाहेर काढलेली असते आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडी खाली उतरवून थांबवलेली असते. ती पट्टी भिंतीवरून ओघळणारं पाणी अडवून बाजूला टाकते. इंग्लंडच्या पावसासाठी जन्मलेली ही युक्ती जुलैतल्या मुंबईला चपखल बसली. दगड मात्र इथलेच निघाले. बांधकामाला काळाकभिन्न बसाल्ट आणि कुर्ला, मालाड इथला पिवळसर दगड. क्रॉफर्ड मार्केटात कुर्ल्याच्या पिवळसर दगडाबरोबर वसईचा तांबडा दगड वापरला आहे. हे रंग आलटून पालटून कमानीत बसवले की दुसरी नक्षी लागतच नाही. बसाल्ट इतका कठीण की त्यात बारीक पानंफुलं कोरणं म्हणजे छिन्न्या झिजवणं. म्हणून कोरीव कामाला काठेवाडातून पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड जहाजानं आणला जाई. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले आणि इमारतींवरच्या शिल्पकामाचं शिक्षण तिथे उभं राहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं आणि त्यातली पानं, फुलं, पशुपक्षी या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून उतरले. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या खिडक्या जवळून पाहिल्या तर दोन दगडांचा फरक कळतो: बसाल्टच्या कडा अजून टोकदार, पोरबंदरच्या पाकळ्या जिथे पाऊस आणि धुरकट हवा थेट लागली तिथे झिजलेल्या.

त्याच पोरबंदरनं पुढची पायरीही दिली. इंडियन सिमेंट कंपनीच्या तिथल्या कारखान्यात १९१४ मध्ये सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. ज्या भागाचा चुनखडी दगड पाथरवट कोरत होते, तिथेच आता चुनखडी भट्टीत जाऊन पोत्यातून बाहेर पडू लागली. १९३६ मध्ये निरनिराळ्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. मधल्या काळात बॅक बे बुजवून मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची जमीन तयार झाली आणि तिच्यावर आर्ट डेको इमारती चढल्या. गजानन म्हात्रे यांचा १९३७ चा सूना महाल चर्चगेटच्या कोपऱ्यावर आजही दिमाखात उभा आहे. या घरांनी खिडकीभोवतीची चौकट मोडून टाकली. त्याऐवजी खिडक्यांच्या वरून एक सलग काँक्रीटचा छज्जा धावतो, कोपऱ्याला गोल वळण घेतो आणि पलीकडच्या खिडक्यांवरही सावली धरतो. लोखंडी सळई पोटात असल्यानं तो दीड-दोन फूट बाहेर येऊ शकतो. दगडाला हे आधाराशिवाय इतकं सहज जमलं नसतं. तोच आकार शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा इथल्या मध्यमवर्गीयांच्या नव्या ब्लॉकांवर आला.

सबंध मागोव्यात मला हा टप्पा सर्वांत निर्मळ वाटतो. इथे काँक्रीटनं कुणाचीच नक्कल केली नाही. दुपारचं ऊन आणि जूनचा पाऊस यांना उत्तर देताना जो आकार सुचला, तीच सजावट झाली. त्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून इंच-दोन इंच आत, एक बारीक खाच असते. पाणी छज्ज्याच्या कडेवरून खालच्या बाजूला वळतं आणि पोटाला चिकटून भिंतीकडे सरकतं. खाच आली की त्याची वाट तुटते आणि थेंब सुटतो. दोन पैशांची ही खाच नसेल तर दोन फुटांचा छज्जाही भिंत ओली करतो. काँक्रीटचं दुखणं वेगळं: समुद्राची खारी हवा सळईपर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि खपल्या पडतात. वेळेवर डागडुजी झाली तर ते सावरता येतं.

नंतरची काही दशकं पटकन ओलांडावी लागतात. सहकारी सोसायट्यांच्या इमारतींना खिडकीवर आखूड छज्जा, खाली कडप्प्याची फळी आणि बाहेर लोखंडी ग्रील एवढंच मिळालं. सजावटीला पैसा नव्हता, सिमेंटलाही परवाने होते. मग नव्वदीच्या आसपास खांब, त्रिकोणी माथे आणि खिडक्यांभोवती जाड पट्ट्या पुन्हा आल्या. पवईच्या हिरानंदानी वसाहतीनं त्या रूपाची गोडी मुंबईला लावली आणि तिथून ते तालुक्याच्या गावच्या बंगल्यापर्यंत पोचलं. मागणी वाढली, पण साचा ओढणारे गवंडी उरले नव्हते. तेव्हा मोल्डिंग कारखान्यात तयार होऊ लागलं.

त्यातलं जीआरसी हे खरोखर विचार करून घडवलेलं द्रव्य आहे. सिमेंटमध्ये काचेचे तंतू मिसळले तर पातळ तक्ताही वाकण्याला तोंड देतो, पण साधी काच सिमेंटच्या अल्कलीत कुजते. इंग्लंडमधल्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये डॉ. ए. जे. मजुमदार यांनी झिर्कोनिया घातलेली, अल्कलीत तग धरणारी काच वापरून ही अडचण सोडवली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्किंग्टन कंपनीनं ते तंतू बाजारात आणले. दहा-पंधरा मिलिमीटर जाडीत दगडासारखा कंगोरा मिळतो आणि तो स्टीलच्या अँकरवर भिंतीला टांगता येतो. खात्री करायची ती दोन गोष्टींची: तंतू त्या जातीचेच आहेत ना आणि अँकर स्टेनलेस स्टीलचे आहेत ना. ठेकेदार दुसऱ्या गोष्टीवर पैसे वाचवायला पाहतात.

थर्माकोलचं मोल्डिंग म्हणजे ठोकळ्यातून तापलेल्या तारेनं कापलेला आकार, त्यावर जाळी, वर लेप आणि रंग. घनमीटरला वीसेक किलो वजन. बसाल्टचं अठ्ठावीसशेच्या पुढे. हलकं म्हणून ते नुसत्या चिकटवणीवर बसतं, आणि नव्यानं बसवलेलं मोल्डिंग दिसतंही देखणं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आली, गणपतीच्या मखरांतून तो बराचसा हटला, पण घराच्या दर्शनी भागावर तो राहिला. माझा आक्षेप त्याच्या नकलीवर नाही. सुतार झोपडीही नक्कलच आहे. आक्षेप असा की भाज्यापासून आर्ट डेकोपर्यंत खिडकीची कड एक तर स्वतः पाऊस सोसत होती किंवा छपराच्या आडोशाला होती. थर्माकोल दोन्हींपैकी काहीच करत नाही. तो उन्हात पिवळा पडून भुसभुशीत होतो, म्हणून त्याचं सगळं आयुष्य त्या दोन-तीन मिलिमीटरच्या लेपावर. शिडी टेकली, एसीची नळी घालायला कुणी भोक पाडलं, की पाणी आत. मागे पोकळी असेल तर मुंग्या आणि उंदीर येतात. आगीचा धोका वेगळाच. रुंद छपराच्या आत, हात न पोचणाऱ्या उंचीवर तो निभेलही; कोकणात, उघड्या पश्चिमेच्या भिंतीवर त्याला जागा देऊ नये.

ग्रॅनाइटच्या पट्टीला पाण्याचं भय नाही, पण ती गुळगुळीत असल्यानं मागचा सिमेंटचा थर तिला नीट धरत नाही. वरच्या मजल्यांवर नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या सुटून पडतात. तिथे पिन किंवा क्लॅम्प हवेतच. एचपीएल आणि डब्ल्यूपीसी यांना उन्हात फुगायला-आक्रसायला फटी सोडल्या नाहीत तर तक्ते वाकतात. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंतीला चुन्याच्या मोल्डिंगइतकं सोयीचं मला आजही दुसरं काही दिसत नाही, करणारा गवंडी मिळाला तर. देशावर, जिथे बसाल्ट पायाखालीच आहे, तिथे पाथरवटाकडून घडवून घेतलेली साधी, नक्षी नसलेली दगडी पट्टी बाहेरून आणलेल्या ग्रॅनाइटपेक्षा शोभते आणि त्या कामाचे पैसे गावातच राहतात. आणि पैसे मोजकेच असतील तर सगळे छज्ज्यावर घालावेत, मोल्डिंग पुढच्या वर्षी लावता येतं.

कॅटलॉगमधलं काहीही निवडा, पण ठेकेदाराला दोन गोष्टी लिहून द्या: वरच्या पट्टीच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच. शेवटचा हप्ता देण्याआधी वरच्या खिडकीतून त्या पट्टीवर बादलीभर पाणी ओतून पाहा. धार पुढच्या कडेवरून सुटून सरळ खाली पडली तर पैसे द्या. भिंतीवरून ओघळली तर ती पट्टी काढून पुन्हा करायला लावा.